खऱ्या घटनेवर गोष्ट लिहिताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत आम्ही सातआठ जण महिन्यातून एकदा बसतो. कुणी एकांकिका लिहितं, कुणी शाळेच्या गॅदरिंगचं नाटुकलं, कुणी आजोबांच्या आठवणी. पावसाळा लागला आणि स्पर्धांचे अर्ज निघाले की फोन सुरू होतात, आणि प्रश्न दर वर्षी तेच. म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. उत्तरं माझी आहेत. बैठकीतल्या दोघांना त्यातली निदान तीन पटत नाहीत.

१. 'सत्य घटनेवर आधारित' आणि 'सत्य घटनेवरून प्रेरित' यांत फरक काय?

कायद्यात या शब्दांची व्याख्या नाही, त्यामुळे जो तो सोयीने वापरतो. जत्रेतल्या तमाशाच्या फलकावर तर बहुतेक वग 'सत्य घटनेवर आधारित'च असतो. आम्ही असा फरक धरतो: 'आधारित' म्हटलं की माणसं, ठिकाण, घटनांचा क्रम आणि शेवट खरा, मधलं बोलणं आपलं. 'प्रेरित' म्हटलं की घटनेतून फक्त बी घेतलं.

आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर बघा. औंध संस्थानाने १९३९ च्या सुमारास तिथे भिंती नसलेली कैद्यांची वसाहत वसवली. जन्मठेपेचे कैदी मोकळ्यावर शेती करायचे. मॉरिस फ्रीडमन या पोलिश माणसाची ती कल्पना, आणि राजांनी ती उचलून धरली. पुढे १९५७ साली आलेला 'दो आँखें बारह हाथ' या प्रयोगावरून सुचला. कथा लिहिली माणदेशच्याच ग. दि. माडगूळकरांनी. पण मोजून सहा कैदी आणि शेवटी बैलांच्या झुंजीत मरणारा जेलर हे चित्रपटाचं आहे, स्वतंत्रपूरचं नव्हे. याला 'प्रेरित' म्हणतात, आणि त्यात कमीपणा काही नाही.

२. पण मुळात कल्पना मिसळायचीच कशाला? घडलं ते सांगावं की.

कारण घडलेलं पुरतं कुठेच लिहिलेलं नसतं. रंगो बापूजी गुप्त्यांचंच घ्या. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांना इंग्रजांनी १८३९ साली पदच्युत केलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तिथेच राहिले. परत आले, उठावाची जुळवाजुळव केली, ती फुटली. ८ सप्टेंबर १८५७ ला साताऱ्यात गेंडामाळावर सतरा जणांना मारलं, त्यात त्यांचा मुलगाही होता. रंगो बापूजी मात्र सापडलेच नाहीत. कुठे गेले, कसे संपले, कुणाला ठाऊक नाही.

इतिहासकार इथे थांबतो. थांबायलाच हवं त्याने. गोष्ट सांगणाऱ्याला मात्र इथेच काम आहे: मुलाची बातमी त्या माणसाला कुणी सांगितली असेल, आणि तेव्हा तो कुठल्या वेषात असेल? कागद जिथे गप्प आहे तिथे बोला. कागद जिथे बोलतोय तिथे त्याला दाबून आपलं घुसडू नका. पुढची बरीचशी उत्तरं या एवढ्याच गोष्टीवर उभी आहेत.

३. बखर, पोवाडा, म्हाताऱ्यांच्या आठवणी: यातलं खरं कशाला धरायचं?

तिन्ही पुराव्याच्या वस्तू आहेत, पण वेगवेगळ्या गोष्टींच्या. सभासदाने बखर लिहिली १६९७ च्या सुमारास, जिंजीला बसून. महाराज जाऊन सतरा वर्षं झाली होती. तो दरबारातला माणूस, त्यामुळे मोलाचा, पण लिहितोय आठवणीतून आणि राजारामांसाठी. पोवाडा समोर बसलेल्या लोकांच्या अंगावर काटा यावा म्हणून रचलेला असतो. त्याला तारीख विचारणं म्हणजे ढोलकीला ताळेबंद विचारणं.

तानाजीच्या गोष्टीत हे थर लख्ख दिसतात. (तानाजी मूळचा जावळीतल्या गोडोलीचा, म्हणून आपल्याकडे हा प्रश्न फार येतो.) ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री कोंढाणा घेतला आणि तानाजी पडला, याबद्दल वाद नाही. घोरपड पोवाड्याची. सभासदाच्या बखरीत महाराज म्हणतात, "एक गड घेतला, परंतु एक गड गेला." त्या गडाचा सिंह नंतर झाला. आणि 'सिंहगड' हे नाव तर तानाजीच्या आधीच्या, १६६३ च्या पत्रातही येतं, म्हणजे त्याच्या मरणावरून नाव पडलं ही गोष्टही मागाहूनची. माझ्या मते सभासदाचं वाक्य जास्त घाव घालणारं आहे. माणसालाच गड म्हटलंय त्यात.

आठवणींबद्दल प्रश्न ६ आणि १५ पाहा.

४. 'ध चा मा' झालाच नव्हता म्हणतात. मग नाटकात घ्यायचं नाही का?

नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात झाला. गारदी आत घुसले, रघुनाथरावांवर दोष आला, आणि आपल्या माहुलीचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे तो ठेवायला कचरले नाहीत. इथपर्यंत इतिहास. आनंदीबाईंनी 'धरावे'चं 'मारावे' केलं हे समकालीन पुराव्याने सिद्ध झालेलं नाही.

घ्यायचं असेल तर अफवा म्हणून घ्या. वाड्यातल्या दोन कुळंबिणी कुजबुजताना दाखवा: "बाईंनी म्हणे कागदावर..." प्रेक्षकाला हवं ते मिळतं आणि तुम्ही एका बाईच्या हातात पुराव्याशिवाय लेखणी दिलेली नसते. अडीचशे वर्षं सगळा दोष एका अक्षरावर आणि एका बाईवर ढकलणं किती जणांच्या सोयीचं होतं, याचं नाटक अजून कुणी आमच्याकडे वाचायला आणलेलं नाही.

५. प्रतापराव गुजरांबरोबरच्या सहा जणांची नावं पाठवा.

हा प्रश्न खटाव तालुक्यातून येतो, कारण भोसरे हे प्रतापरावांचं गाव. आकडा पक्का आहे: १६७४ च्या इंग्रजांच्या पत्रव्यवहारात दोन डोंगरांमधल्या अरुंद वाटेत प्रतापराव आणि आणखी सहा स्वार मारले गेले, बाकीची फौज मदतीला आली नाही, अशी नोंद आहे. नावांच्या ज्या याद्या फिरतात त्यांना तसा भक्कम आधार नाही.

तेव्हा नावं हवीत तर स्वतः ठेवा, आणि ठेवली म्हणून सांगा. मात्र 'बाकीची फौज मदतीला आली नाही' हे वाक्य परत वाचा. सगळे लिहिणारे सात घोड्यांच्या मागे धावतात. मागे थांबलेल्या एका शिलेदाराच्या तोंडून ही गोष्ट सांगितली तर कुठलंही नाव बनवावं लागत नाही.

६. पत्री सरकार खबऱ्यांच्या पायाला खरंच पत्र्या ठोकायचं का?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

१९४३ ते १९४६ या काळात सातारा जिल्ह्यातल्या शेकडो गावांत क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार चाललं. न्यायनिवाडे, दारूबंदी, साधी लग्नं, तुफान सेना नावाचं स्वतःचं दल. ७ जून १९४३ ला शेणोलीला पगाराचे पैसे नेणारी रेल्वे लुटली. त्याच वर्षी २४ जुलैला वसंतदादा पाटील साथीदारांसह सांगलीचा तुरुंग फोडून निघाले. त्यात दादांना गोळी लागली, अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव गेले. हे सगळं नोंदलेलं आहे.

'पत्री' शब्दाचं मात्र तसं नाही. एक म्हणणं असं की 'प्रति'चा लोकांच्या तोंडी 'पत्री' झाला. दुसरं, की घोड्याला नाल ठोकतात तशा खबऱ्यांच्या तळपायाला पत्र्या ठोकायचे, म्हणून पत्री. चळवळीतल्या जुन्या कार्यकर्त्यांनी नंतर स्पष्ट सांगितलं होतं की ठोकणं वगैरे नव्हतं, तळपायावर काठीचे फटके द्यायचे. पण दंतकथेने काठीचं काम फुकटात केलं. पत्री ठोकतात एवढं ऐकूनच खबरे गाव सोडायचे.

म्हणजे इथे 'खोटी' गोष्ट हीच एक खरी घटना आहे: लोकांनी ती सांगितली, ती पसरली, तिचा परिणाम झाला. रंगमंचावर खिळे आणि हातोडा आणला तर तुम्ही दंतकथेला पुरावा बनवता. पारावर बसलेले चौघे खिळ्यांचं रसभरीत वर्णन करताहेत आणि पाचवा, ज्याने खबर दिलीय, तो हळूच वहाणा घालून उठतोय, एवढं दाखवलं तर इतिहासाला धक्का न लावता अंगावर काटा येतो.

फटके खरे असतील तर तेही लपवू नका. आपल्या माणसांनी मारलं हे लिहायला हात अडखळतो, माझाही अडखळला होता.

७. १९४३ सालचं लिहितोय. बारीकसारीक चुका कुठे होतात?

पहिली आणि हमखास: 'सांगली जिल्ह्यातले क्रांतिकारक'. तेव्हा सांगली जिल्हाच नव्हता. सांगली हे पटवर्धनांचं संस्थान. वाळवा, तासगाव, खानापूर सातारा जिल्ह्यात. दक्षिण सातारा १ ऑगस्ट १९४९ ला झाला आणि त्याचं नाव सांगली पडलं २१ नोव्हेंबर १९६० ला. कुंडल तर औंध संस्थानात होतं. हे कळलं की कथानकच बदलतं, कारण संस्थानच्या हद्दीत पाय टाकला की इंग्रजी पोलिसांचा हात तोकडा पडायचा. तुमच्या पात्राला पळायला नुसती दिशा नको, हद्द हवी.

बाकी: रुपयाचे सोळा आणे. नवे पैसे १ एप्रिल १९५७ पासूनचे. मैल आणि कोस, किलोमीटर नाही. 'महाराष्ट्र सरकार' १९६० च्या आधी कुणाच्या तोंडी नको. खेड्यात बल्ब नको, कंदील किंवा चिमणी.

कोयनेच्या भूकंपावर लिहिणाऱ्यांसाठी वेगळं: ११ डिसेंबर १९६७, सोमवार, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं. मुलं शाळेत होती आणि भिंत पडली, असा प्रवेश आमच्याकडे दोनदा आलाय.

८. चार माणसांचं मिळून एकच पात्र केलं तर चालेल का?

कार्यकर्ते, निरोप्ये, भाकरी पोचवणाऱ्या बाया यांचं करा. स्टेजवर चौदा माणसं उभी राहूच शकत नाहीत. पण नाव नवं ठेवा. चौघांपैकी एकाचंच नाव ठेवलं तर उरलेल्या तिघांचं काम त्याच्या खात्यावर जमा होतं, आणि त्या तिघांची नातवंडं पहिल्या रांगेत बसलेली असतात.

हुतात्म्यांचं करू नका. ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या मोर्चात परशुराम घार्गे आणि त्यांच्याबरोबरचे पडले, ती माणसं एकमेकांत मिसळायची नसतात. स्मारकावर नावं वेगवेगळी कोरलेली आहेत.

९. नाना पाटील स्टेजवर आले की बोलणार तर. ते संवाद कुठून आणायचे?

त्यांची भाषणं ऐकलेली पिढी सांगायची की ते बोलायचे शेतकऱ्याच्या भाषेत, उपमा नांगराच्या आणि बैलाच्या. तो बाज घ्या, पण टाळीचं एकही नवं वाक्य त्यांच्या तोंडी घालू नका. कारण साधं आहे. तुमचं वाक्य चांगलं जमलं तर सहा महिन्यांत ते फोटोवर छापून 'क्रांतिसिंह म्हणतात' म्हणून तुमच्याकडेच व्हॉट्सॲपवर परत येतं. बैठकीतल्या एकाचं आलंय. त्याला आनंदही झाला आणि लाजही वाटली.

सोपी युक्ती: मोठ्या माणसाला कमी बोलू द्या. तो आत आल्यावर खोलीतले बाकीचे कसे बोलतात ते लिहा. ते बाकीचे तुमचे आहेत.

१०. आजोबांची गोष्ट लिहितेय. त्यात घरच्यांना न आवडणारं आहे.

आजोबा भूमिगत असताना आजीने काय सोसलं, हे बहुतेक वेळा ते 'न आवडणारं' असतं. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी आपल्या नात्यातल्या फकिरावर कादंबरी लिहिली, म्हणजे घरातलं माणूस हा आपल्याकडे चालत आलेला विषय आहे. फरक एवढाच की तुमच्या आत्या अजून हयात आहेत. लिहून पूर्ण करा, मग छापण्याआधी त्यांना वाचून दाखवा. परवानगी मागू नका, 'यात काय चुकलं' एवढंच विचारा. माणसं नकार द्यायच्या ऐवजी दुरुस्त्या सांगायला लागतात.

११. नाव बदललं की सुटलो का?

नाही. गावाचं नाव बदललं, पण देवळामागची विहीर, सरपंचाची बुलेट आणि त्याचं तोतरेपण तसंच ठेवलं तर ओळखायला अर्धं पान पुरतं. मी वकील नाही, पण वकिलांना विचारून एवढं सांगतो: वाचणाऱ्याला माणूस ओळखू येत असेल तर नाव नसलं तरी बदनामीचा दावा होऊ शकतो. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ४९९ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३५६. शेवटच्या पानावरची 'सर्व पात्रे काल्पनिक' ही ओळ ढाल म्हणून फार पातळ आहे.

कोर्टाच्या निकालासारख्या सार्वजनिक नोंदीत आलेली हकिगत सांगायला सहसा संमती लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या राजगोपाल खटल्यात हे म्हटलंय. पण ते नोंदीत आहे तेवढ्यापुरतंच. तुम्ही त्यात जोडलेलं प्रेमप्रकरण नोंदीत नसतं.

१२. मेलेल्या माणसाची बदनामी होत नाही ना?

होते. त्याच कलमाच्या पहिल्या स्पष्टीकरणात आहे: जिवंत असता तर ज्याने त्याच्या नावाला बट्टा लागला असता, आणि ज्याचा हेतू घरच्यांचं मन दुखावण्याचा आहे, असा आरोप मृत व्यक्तीबद्दलही बदनामी ठरू शकतो. फितुराचं पात्र लिहिताना हे लक्षात ठेवा. फितुरांची नावं गावात सगळ्यांना 'माहीत' असतात, आणि दोन आळ्यांत वेगवेगळी.

१३. इतिहास सगळ्यांचा. मग कादंबरीतला प्रसंग उचलला तर काय बिघडलं?

इतिहास सगळ्यांचा, कादंबरी लेखकाची. १९७८ च्या आर. जी. आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कल्पना, विषय, ऐतिहासिक घटना यांवर कुणाचा हक्क नाही, मांडणीवर आहे. लेखक गेल्यावर साठ वर्षं हा हक्क टिकतो. घोटाळा होतो तो असा: लोकप्रिय कादंबरीतलं एखादं पात्र किंवा संवाद लोकांच्या इतका अंगवळणी पडतो की तो इतिहासच वाटतो. तुम्ही निष्पापपणे घेता आणि ती चोरी निघते. म्हणून प्रसंगाचं मूळ शोधा. कादंबरीच्या मागे काहीच सापडलं नाही तर तो लेखकाचा आहे.

१४. सरळ सांगणं धोक्याचं असेल तर?

मग सांगलीकडे बघा. इथे १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं, तेव्हापासून पुराण आपल्या अंगणातलं. याच गावात जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०७ साली 'कीचकवध' आणलं. नाटकात कुठेही इंग्रज नाही. पण कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, हे शेवटच्या रांगेतल्यालाही कळत होतं. सरकारलाही कळलं, आणि १९१० साली बंदी आली.

आडून बोलायचं तर असं. खरी नावं ठेवून घटना मऊ करणं हे आडून बोलणं नव्हे, ती नुसती भीती. आणि नाटकाची संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरकडे, द्यावी लागते हे विसरू नका. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात आठवलं तर मला फोन करून उपयोग नाही.

२०१९ च्या पुरासारख्या ताज्या घटनेलाही हे लागू आहे का, असं बरेच जण विचारतात. तिथे आडपडद्याची गरज नाही, जपून चालायची आहे. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी, त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आकडा सगळ्या सांगलीला पाठ आहे, तो चुकवू नका. आणि ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांचा प्रसंग तसाच्या तसा उचलू नका. पोटमाळ्यावर दोन रात्री काढलेलं, सगळे वाचलेलं कुटुंब घ्या. त्यात हवं तेवढं नाटक आहे.

१५. प्रयोग संपल्यावर कुणी उठून म्हणालं, 'असं झालंच नव्हतं', तर?

आमच्याबाबतीत झालंय. वाळवा तालुक्यातल्या एका गावात भूमिगतांवरची माझी एकांकिका होती. रात्री पोरं येतात, घरधनीण हसतमुखाने भाकऱ्या धडप्यात बांधून देते, पोरं जातात. टाळ्या पडल्या. मग एक नव्वदीच्या आजी काठी टेकत पुढे आल्या. म्हणाल्या, "आरं, हसत कोण हुतं? पोरं शिवार वलांडून जाईस्तवर प्वाटात गोळा असायचा. आन् भाकरी कुठली, त्या साली जोंधळाच नव्हता. कण्या घातल्या म्या."

मी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणालो. रात्री परत येताना टेम्पोत सगळे गप्प होते. पुढच्या प्रयोगाला भाकऱ्या काढल्या, कण्या आणल्या. तालमीत पहिली अडचण आली: कण्या धडप्यात बांधून देता येत नाहीत. पोरांना तिथेच बसून खावं लागलं, ताटल्या मिळवाव्या लागल्या, प्रवेश दोन मिनिटांनी लांबला. ती दोन मिनिटं बाई दाराला पाठ लावून उभी राहायची, कारण दुसरं तिला करायला काही नव्हतं.